उपाशी यीस्टची गोष्ट

पाव करायचं यीस्ट ज्यांनी घरी वापरलं आहे, त्यांना तो करड्या रंगाचा भुगा चांगलाच माहीत असेल. कोमट पाण्यात थोडी साखर घालून तो वर भुरभुरला की दहा-पंधरा मिनिटांत फेस येतो. खायला मिळालं की यीस्ट काय करतं, हे आपण असं डोळ्यांनी पाहतो. पण खायला मिळालंच नाही तर ते काय करतं? मी आज सांगणार आहे ती गोष्ट या दुसऱ्या प्रश्नाची.

गंमत अशी की या गोष्टीचं नाव आधी ठरलं आणि गोष्ट मागून आली. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द द्यूव यांनी १९५५ साली प्राण्यांच्या पेशींत पाचक विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असल्याचं दाखवलं. आपल्याकडे त्यांना लयकारिका म्हणतात, आणि अनेक पाठ्यपुस्तकांत ‘आत्मघाती पिशव्या’ अशी त्यांची ओळख करून दिलेली असते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असं दिसू लागलं, की पेशी स्वतःचेच तुकडे पिशवीत बांधून या पाचक पिशव्यांच्या हवाली करते. द द्यूव यांनी १९६३ साली या प्रकाराला नाव दिलं ‘ऑटोफॅजी’. मूळ शब्द ग्रीक, अर्थ स्वभक्षण. द द्यूव यांना १९७४ साली नोबेल पारितोषिकही मिळालं. स्वभक्षणाचा शोध मात्र तिथेच अडकला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दाखवतो तो मेलेल्या पेशीचा एक क्षण. त्यात पिशवी दिसते, पण ती कोणाच्या हुकमाने तयार झाली ते दिसत नाही.

खरा प्रश्न त्या हुकमाचाच होता. जी पेशी भलत्या वेळी स्वतःला खाऊ लागेल ती मरेल. आणि वेळ येऊनही जी खाणार नाही, तीही मरेल.

टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांना १९८८ साली स्वतःची छोटी प्रयोगशाळा मिळाली, तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. संशोधनात इतक्या उशिरा स्वतःचं घर मांडणारा माणूस सहसा चलतीचा विषय धरतो. ओसुमींनी धरली यीस्टच्या पेशीतली रिक्तिका, म्हणजे आतली मोठी पोकळी. तिच्याकडे तेव्हा बहुतेक जण पेशीची कचराकुंडी म्हणूनच पाहत. ओसुमींना वाटत होतं, की इथे काहीतरी मोडलं-जोडलं जात असणार. यीस्टला नायट्रोजन मिळेनासा झाला की ते बीजाणू तयार करतं, आणि त्यासाठी पेशीला आपलं अंतरंग जवळजवळ नव्याने उभारावं लागतं. त्याचा माल येतो कुठून?

अडचण अशी होती, की रिक्तिकेत गेलेला माल लगेच पचून जाई आणि दिसण्यासारखं काही उरतच नसे. मोरी नीट वाहत असते तोवर तिच्यातून काय काय जातं याचा पत्ता लागत नाही. तुंबली की सगळं समोर येतं. ओसुमींनी मोरी मुद्दाम तुंबवली. रिक्तिकेतली प्रथिनं पचवणारी विकरं ज्यात नाहीत असं यीस्ट घेतलं, त्याचा नायट्रोजन तोडला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तासाभरात रिक्तिकेत काही गोळे दिसू लागले. ते एका जागी ठरत नव्हते, सारखे थरथरत फिरत होते. तीन तासांत रिक्तिका गोळ्यांनी जवळजवळ भरून गेली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की त्या गोळ्यांत पेशीचाच ऐवज होता: रायबोसोम, तंतुकणिका, सगळं. हे काम १९९२ साली छापून आलं. महागडं यंत्र नव्हतं, मोठा चमू नव्हता. मला या संपूर्ण इतिहासात हा तीन तासांचा प्रयोग सर्वांत आवडतो.

त्यानंतर ओसुमी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी हजारो बिघडलेल्या यीस्टपेशी चाळून काढल्या. ज्यांना स्वभक्षण जमत नाही त्या उपासमारीत इतरांच्या आधी मरतात, हाच त्यांना ओळखण्याचा धागा ठरला. १९९३ साली अशा १५ जनुकांचा माग लागला. आत्मघाती म्हणून ओळखली गेलेली क्रिया पेशीला जगवत होती, आणि त्याचा पुरावा म्हणजे ती हरवलेल्या पेशींचे मुडदे!

पण हुकूम कोण देतं? याचं उत्तर भलत्याच वाटेने आलं. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर १९६४ साली कॅनडातून एक मोहीम गेली होती. तिने आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये एक औषधी द्रव्य निघालं. त्या कामात भारतीय वंशाचे सुरेन सेहगल आघाडीवर होते. बेटाचं मूळ नाव ‘रापा नुई’, म्हणून द्रव्याचं नाव पडलं रॅपामायसिन. ते यीस्टच्या पेशीत नेमकं कुणावर घाव घालतं, हे बाझेलच्या संशोधकांनी १९९१ साली शोधलं आणि त्या प्रथिनाला नाव दिलं ‘टॉर’. मग १९९८ साली नोदा आणि ओसुमी यांनी खाऊन-पिऊन सुखी असलेल्या यीस्टला रॅपामायसिन दिलं. भरल्या ताटावर बसलेलं ते यीस्ट स्वतःला खाऊ लागलं.

म्हणजे भूक हुकूम देत नाही. सुबत्ता हात धरून ठेवते. अन्न मुबलक असतं तेव्हा टॉर हे ‘एटीजी-१३’ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवत राहतं आणि त्याला कामाला लागू देत नाही. टॉर बसतं तेही मोक्याच्या जागी, रिक्तिकेच्या पडद्यावर, कोठाराच्या दारात म्हणा ना. अन्न संपलं की टॉर थंडावतं, फॉस्फेट गळून पडतात आणि एटीजी-१३ जाऊन ‘एटीजी-१’ला मिळतं. मग एकेक प्रथिन गोळा होतं, पातळ पडदा वाढत वाढत पेशीचा एक घास वेढतो आणि ती पिशवी रिक्तिकेला जाऊन मिळते. घास पचून सुटलेली अमिनो आम्लं पेशीला परत मिळतात. बाहेरून पुन्हा अन्न आलं की टॉर जागं होतं आणि सगळं आवरतं.

ओसुमींना २०१६ साली एकट्याला नोबेल मिळालं. त्यानंतर आपल्याकडे मोबाइलवर निरोप फिरू लागले, की एकादशीच्या उपासाला नोबेल मिळालं. मलाही आला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणत साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्यांनी तो मोठ्या भक्तिभावाने पुढे पाठवला होता. उपास जरूर करा, पण ते पारितोषिक यीस्टमधल्या यंत्रणेच्या शोधाला होतं. माणसाने किती तास उपाशी राहावं, हे त्या कामात कुठेच नाही.

उपाशीपणाचं खरं उदाहरण हवं असेल तर ते नवजात पिलाचं घ्यावं. ओसुमींच्या प्रयोगशाळेत घडलेले नोबोरू मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांमध्ये ते दाखवलं. नाळ तुटते त्या क्षणी पिलाची रसद थांबते आणि आईचं दूध अजून सुरू व्हायचं असतं. त्या काही तासांत पिलाच्या पेशींतलं स्वभक्षण एकदम वाढतं. ज्या पिलांमध्ये त्यासाठी लागणारं एक जनुक काढून टाकलं होतं, ती जन्मताना बाहेरून जवळजवळ इतरांसारखीच दिसत होती. एका दिवसाच्या आत ती दगावली.