शेवटच्या आजारात शिरेतून पोषण : घरच्यांना काय माहीत असावं?

पेशंटचं जेवण सुटलं की घरचे पहिल्यांदा सलाईनचा आग्रह धरतात. "अब्बांना उपाशी कसं ठेवायचं?" हा सवाल आम्ही अनेक घरांत ऐकला आहे. तो मायेपोटीच येतो. तरी निर्णयाआधी काही गोष्टी समजून घेऊ या.

सलाईन म्हणजे जेवण नव्हे. साध्या सलाईनमध्ये फक्त पाणी आणि मीठ असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम एका चपातीएवढी ताकद.

शिरेतून पूर्ण पोषण देण्याला डॉक्टर 'टीपीएन' म्हणतात. त्यात ग्लुकोज, प्रथिनांचे घटक, चरबी, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात. ते बहुधा मोठ्या शिरेत नळी घालून देतात. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, यकृतावर ताण हे त्याचे धोके. रक्तही वारंवार तपासावं लागतं.

फायदा कुणाला? कॅन्सरमुळे आतड्यात अडथळा आहे, पण पेशंट हिंडता-फिरता आहे आणि काही महिने हाती आहेत, अशांना होऊ शकतो. आतडं चालत असेल तर तोंडाने किंवा नाकातल्या नळीने देणं बरं.

अखेरच्या दिवसांत भूक मरते ती आजारामुळेच. तेव्हा शरीर अन्न वापरू शकत नाही. जास्तीचं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, धाप वाढते. अशा वेळी तोंड ओल्या कापसाने पुसावं, ओठांना मलम लावावं. मागितलं आणि गिळता येत असेल तर बसवून चमचाभर पाणी द्यावं. जबरदस्ती नको, ठसका लागतो.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हे कशासाठी देताय? फायदा होतोय हे कशावरून कळेल? नाही झाला तर कधी थांबवायचं?

शरई बाजू विचारायची असेल तर डॉक्टरांचं मत लिहून घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा. नुसतं "सलाईन बंद करू का?" विचारून नीट जवाब मिळणं कठीण.

वेदना कमी करून आराम देणारी सेवा वेगळी असते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तिचा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या अशा पेशंटना सांभाळतं. विचारपूस लवकर करा, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.