भोपळा कुजताना मुलं विज्ञान आणि लेखन एकत्र कशी शिकतात?

३१ ऑक्टोबरला हॅलोविन झालं, की अमेरिकेत दारापुढचे कोरलेले भोपळे कुजायला लागतात. अनेकांसाठी तो कचरा असतो. पण ‘पम्पकिन जॅक’ हे चित्रपुस्तक हाताशी असेल, तर त्यातूनच विज्ञानाचा आणि भाषेचा धडा तयार होतो. विल हबेल यांचं हे पुस्तक २००० मध्ये आलं.

गोष्ट काय आहे?

टिम आपला पहिला भोपळा कोरतो आणि त्याचं नाव जॅक ठेवतो. जॅक कुजू लागतो, तेव्हा टिम त्याला बागेत नेऊन ठेवतो. भोपळ्याला बुरशी लागते, तो खचतो, बर्फाखाली जातो. वसंतात त्याच जागी कोंब दिसतो आणि पुढे वेलीला नवे भोपळे लागतात.

यात विज्ञान कुठे आहे?

भोपळ्यात सुमारे ९० टक्के पाणी असतं. तो कोरला की सालीचं संरक्षण जातं आणि बुरशी, जिवाणू आत शिरतात. ते गराचं विघटन करतात आणि त्यातली पोषणद्रव्यं मातीत मिसळतात. बी मात्र कडक आवरणामुळे तग धरू शकतं. पुरेशी ओल आणि ऊब मिळाली की ते रुजतं.

आणि भाषा?

पान उलटण्याआधी विचारा, ‘आता काय होईल?’ मग मुलांनी रोज तारीख, एक चित्र आणि दोन वाक्यं लिहायची. ‘पांढरे धागे दिसले’ हे निरीक्षण झालं. ‘भोपळा आजारी पडलाय’ हा अंदाज झाला. हा फरक शब्दांत पकडता येणं म्हणजेच विज्ञान, आणि तेच चांगलं लेखनही.

हे महत्त्वाचं का?

अमेरिकेत २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी वाचन आणि गणिताच्या वार्षिक चाचण्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर अनेक प्राथमिक शाळांमध्ये विज्ञानाचा वेळ कमी झाला. असं पुस्तक दोन्ही विषय एकाच तासात आणतं.

आपल्याकडे कसं करता येईल?

• पारदर्शक बरणीत ओलसर माती घाला आणि त्यावर लाल भोपळ्याची फोड ठेवा.
• झाकण लावा, पण घट्ट आवळू नका. आत वायू साठतो.
• बरणी उघडून वास घेऊ नका. बुरशीच्या बीजाणूंचा दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो.
• काही बिया वेगळ्या कुंडीत पेरा.

आपल्या हवेत भोपळा लवकर कुजतो, त्यामुळे बदल टिपायला बर्फ वितळायची वाट पाहावी लागत नाही. म्हातारीला लेकीकडून घरी आणणारा भोपळा आपल्या मुलांना ठाऊक असतोच. प्रवास संपल्यावर त्या भोपळ्याचं पुढे काय झालं असेल, हे आता त्यांनाच लिहू द्या.