काळीची भूक

तुम्ही तेरणेच्या काठी उभे आहात. गावाला अजून तेर म्हणत नाहीत, तगर म्हणतात. इसवी सनाचं पहिलं शतक चालू आहे. भडोचच्या बंदराकडे निघालेल्या गाड्यांवर कापडाचे गठ्ठे रचलेत. बहुतेक जाडंभरडं, थोडी मलमलही. कुणी एक अनामिक ग्रीक व्यापारी 'पेरिप्लस' नावाच्या आपल्या टिपणात या गावाची नोंद करणार आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. याच गावात चिखल तुडवणारे संत गोरोबाकाका जन्माला यायला अजून हजाराहून जास्त वर्षं आहेत.

गठ्ठे बघून झाले असतील तर चाकांकडे बघा. चिखल आऱ्यांपर्यंत चढलाय आणि गाडीवान तो काठीने खरवडतोय. हीच ती काळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा दगड ऊनपावसाने झिजत झिजत ती तयार झाली. बालाघाटच्या माथ्यावर जेमतेम वीतभर राहिली, तिच्या खाली लगेच मुरूम. नद्यांच्या खोऱ्यांत मात्र पुरुषभर खोल साठली. बोटभर थर बनायला शेकडो वर्षं लागतात, एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे चला.

आता निजामाची राजवट आहे, १९३० नंतरचं दशक. मार्गशीर्षातली अवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव रानात लोटलंय. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, मधोमध कडब्याची कोप उभी आहे, आत पाच पांडव मांडलेत. भज्जी, अंबील आणि बाजरीचे उंडे यांचा वास सुटलाय. तुम्हाला कुणी ओळखत नाही, तरी पत्रावळ समोर येते. आज कुणाच्याही रानातून उपाशी परतायचं नसतं.

जेवण झाल्यावर बांधावर जा. अलीकडच्या रानात माती भुसभुशीत आहे. पलीकडच्या रानात भेगा पडल्यात. एका भेगेत हात घाला. मनगट सहज आत जातं आणि बोटांना गार ओल लागते. तीच ओल त्या भेगेतून रोज उडून जातेय.

"काय बघलालास, लेकरा?" मागून म्हातारा विचारतो. अलीकडचं रान त्याचं. "त्यानं कोळपं फिरवलं नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी."

या एका वाक्यात इथली सगळी रब्बी मावते. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या देत पाणी मुरवायचं, परतीच्या पावसावर पेरायचं आणि नंतर थेंब पडला नाही तरी त्या पोटातल्या ओलीवर शाळू काढायचा. पेरल्यावर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याला कोळपं चाललं की वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात आणि ओल आत राहते. शेजारच्या सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. उतारावरून पाणी किती पळतं आणि माती किती नेतं, याची तिथे मोजदाद होतेय. त्याच मुलखातल्या मोहोळमधून मालदांडी ३५-१ हे शाळूचं वाण पुढे येतंय, ते पुढची कित्येक दशकं हटणार नाही.

पण म्हाताऱ्याचा भरवसा वाणापेक्षा गोठ्यावर जास्त आहे. कडबा बैलांच्या पोटात, शेण उकिरड्यात आणि उकिरडा वैशाखात रानात. उन्हाळ्यात धनगराची मेंढरं चार रात्री बसतात, त्याबद्दल त्याला ज्वारी मोजून द्यायची. शाळूच्या पट्ट्यांत करडई, कुठे हरभरा. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून मातीला देतात. गाठींचं शास्त्र म्हाताऱ्याला ठाऊक नाही, हरभऱ्यामागून येणारा शाळू कसा असतो ते पक्कं ठाऊक आहे. या काळीत चुना आणि पालाश भरपूर. नत्र, स्फुरद आणि कुजलेला पालापाचोळा कमी. कमी असेल ते दरसाल भरावं लागतं, आणि ही माणसं ते भरत आली. तो काळ सोन्याचा होता, असं मात्र समजू नका. पावसाळाभर उघड्या राहिलेल्या रानावर आषाढाची झड कोसळते तेव्हा ओढे काळेभोर होऊन वाहतात. ओल साठवणारी हीच पद्धत माती उघडी पाडते. ही गाठ सोलापूरच्या संशोधकांनाही सहज सुटलेली नाही.

१९७२. सलग तिसरं वाईट साल. तुमच्या डोक्यावर टोपलं आहे. पाझर तलावाच्या भरावावर बायांची रांग लागलीय, रस्त्याच्या कामावर पुरुष खडी फोडतायत. दुपारी सुकडी मिळते, घरी अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. इथल्या हातांनी खणलेले तलाव आणि नालाबांध पुढे टिकतील, याच कामांतून रोजगार हमीचा कायदा होईल. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक, आणि ती या लोकांच्या घामातून आली. हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

संध्याकाळी गावात शिराल तेव्हा गोठ्यांत डोकवा. दावणी मोकळ्या आहेत. जनावरं छावणीत गेली, बाजारात गेली, काही मेली. दुष्काळाच्या हिशेबात विहिरी, मजुरी आणि धान्य सगळं लिहिलं जातं. किती गाड्या शेणखत रानात पडलं नाही, हे कोणत्याच वहीत येत नाही.

पुढची वर्षं भरभर जातात. विहिरी, मग बोअर. पाणी लागेल तिथे ऊस. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. शाळूची जागा सोयाबीनने घेतली, कारण चार महिन्यांत पैसा हाती येतो. पण त्यामागे बैलाला घालायला कडबा राहत नाही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' सगळ्या भिंतींवर रंगवलं गेलं. २०१५ मध्ये जलयुक्त शिवार आलं, त्याच वर्षी मृदा आरोग्य पत्रिकाही. पहिल्याचा गाजावाजा झाला, दुसरी ट्रंकेत गेली. काढा ती पत्रिका. सामू आठच्या वर, सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या आत, म्हणजे 'कमी'. रानात कोवळं सोयाबीन पिवळं पडलंय, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत आहे, पण चुनखडीमुळे पिकाला उचलता येत नाही. डीएपीचं आणखी एक पोतं टाकून ती पानं हिरवी होत नाहीत. पाणी जिरवायचं हे खरंच. पण कशात जिरवायचं? कर्ब उरला नाही की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पावसाचा थेंब बसला की वर पापडी धरते आणि पाणी वरच्यावर निघून जातं.

दोन पावलं बाजूला या. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-लोहारा भागात बायांचे गट उभे राहिले. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांच्यासोबत एक एकराचं शेत मांडलं: घरच्या रानातला एक एकर बाईच्या हातात, त्यात भाजी, डाळी, तृणधान्य, घरचंच खत, आधी घर जेवेल आणि मग बाजार. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते साधं आहे: उकिरड्याला पुन्हा मालकीण मिळाली.

आणि आता सप्टेंबर २०२५. भूम-परंड्याकडे ढग असे फुटलेत की सीनेचं पात्र कुठे संपतं ते दिसत नाही. पाणी उतरल्यावर चालत जा. पायाखाली मुरूम आणि गोटे आहेत. विहीर गाळाने भरलीय. तगरच्या गाडीच्या चाकाला चिकटलेल्या त्या मातीची इथली शेकडो वर्षांची साठवण एका आठवड्यात खाली गेली. सरकारने खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत मदत जाहीर केली. ती हवीच होती. पण मातीचा टिपर आणायचा कुठून? तलावातला गाळ काढावा तर यंदा तलाव तुडुंब आहेत. ते आटतील तेव्हा गाळ.

रानाच्या कडेला एक बाई फोनवर बोलतेय. वाचलेल्या तुकड्यात तिला पावसाळ्याच्या तोंडाला ताग पेरायचाय आणि फुलावर आला की गाडायचाय. त्याआधी मेंढरं बसवायचीत.

"मामा, किती रात्री बसवताव?"

पलीकडून धनगर काहीतरी बोलतो. ती ऐकते, आणि भाव करू लागते.