छायाचित्रांतील बालवेष

अमेरिकेत १८८४ साली काढलेल्या एका छायाचित्रात सुमारे अडीच वर्षांचे एक मूल बसले आहे. अंगात पांढराशुभ्र झगा, खांद्यांवर रुळणारे केस, हातांत पीस लावलेली टोपी आणि पायांत चकाकणारे बूट. नाव ठाऊक नसलेला कोणीही त्या मुलास मुलगीच म्हणेल. ते मूल म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट होत. मोठ्या पदामुळे त्यांचे नाव चित्राबरोबर टिकले. परंतु ज्या असंख्य मुलांच्या चित्रांमागे कोणी दोन अक्षरे लिहून ठेवली नाहीत, त्यांच्याविषयी बोलणारा साक्षीदार म्हणून बहुधा वेषच उरतो. त्याची साक्ष चुकीची वाचली, तर एखाद्या कुळातला मुलगा वंशावळीतून नाहीसा होतो आणि कधी नसलेली मुलगी तेथे जन्मास येते.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील मुलगे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ, झगेच घालीत. यात हौसेपेक्षा सोय अधिक होती. लंगोट बदलण्यास झगा सोपा. शिवाय घेरात आडवी दुमड घालून ठेवली, की मूल वाढेल तशी ती उसवून झगा लांब करता येई. मुलाला पहिली विजार चढविण्याचा दिवस घरात कौतुकाचा असे. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही एकच झबले आणि एकच कुंची घालणाऱ्या मराठी घरांना याचे नवल वाटू नये.

मग मुलगा ओळखावा कसा? भांग मधोमध असेल तर मुलगी आणि बाजूला असेल तर मुलगा, हा जाणकारांचा जुना ठोकताळा आहे. तो पुष्कळदा खरा ठरतो, नेहमी नव्हे. काही जण बटणांकडे पाहतात. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते, बायकी कोटाची उजवी डावीवर. परंतु डॅगेरोटाइप व टिनटाइप या प्रकारांत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटते, हे विसरले की हा सगळा निवाडाच उलटा होतो. हातातल्या खेळण्यावर तर मुळीच विसंबू नये. ते बहुधा स्टुडिओच्या मालकीचे असे.

सर्वांत मोठी फसगत होते ती रंगाची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, लाल प्रकाशाला जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळा झगा चित्रात पांढुरका दिसे, आणि लाल किंवा पिवळा झगा काळपट. एखाद्या सणासाठी मुद्दाम शिवलेला लालभडक झगा आज पाहणाऱ्याला सुतकाचा पोशाख वाटतो, आणि हसऱ्या घराच्या माथी नसलेला मृत्यू मारला जातो. छायाचित्रातील काळ्या रंगावरून शोक ठरविणे हा म्हणूनच धाडसाचा उद्योग होय.

काळ ठरविताना वेष एवढेच सांगतो, की चित्र अमुक सालाच्या आधीचे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाचे खलाशी पोशाखातील चित्र विंटरहाल्टरने १८४६ साली रंगविले; पुढे तो पोशाख देशोदेशींच्या मुलांच्या अंगावर आला, पण त्याला कित्येक वर्षे लागली. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय’ ही कादंबरी १८८६ साली पुस्तकरूपाने निघाली आणि मखमली कोट व रुंद लेसची कॉलर यांची लाट उसळली. बिचाऱ्या मुलांना ती फारशी आवडली नसावी! थोरल्याचे कपडे धाकट्याला घालण्याची रीत मात्र सगळीकडचीच, त्यामुळे फॅशन ओसरल्यावरही पोशाख चालूच राहात.

येथे पुठ्ठा मदतीला येतो. डिस्देरीने १८५४ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले भेटकार्डाएवढे चित्र लहान. १८६६ पासूनचे कॅबिनेट कार्ड बरेच मोठे. अमेरिकन चित्राच्या पाठीवर कराचे तिकीट असेल, तर ते सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ या काळातले धरण्यास हरकत नाही. आणि झगा १८५० च्या सुमाराचा पण पुठ्ठा वीस वर्षांनंतरचा असे आढळले, तर ती बहुधा जुन्या डॅगेरोटाइपची नक्कल असते. कधी कधी अशी नक्कल काढण्याचे कारण एवढेच असे, की त्या मुलाचे दुसरे चित्र काढण्याची वेळच आली नव्हती.