दंडावरची खूण

आमच्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे. वस्तीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर ती सापडेल. विहारात येणारी पोरं विचारतात, "हे काय हो, काका?" त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

देवीच्या रोगावरची लस इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली शोधली. आपल्या देशात ती पहिल्यांदा १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तेव्हा लस टिकवण्याची सोय नव्हती. एका मुलाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या दंडावरच्या फोडातले पाणी काढून दुसऱ्याला टोचायचे. लस अशी दंडावरून दंडावर गावोगाव गेली. हे दंड बहुधा गरिबांच्या, खालच्या मानलेल्या जातींतल्या लेकरांचे असत. वरच्या जातींचे कित्येक लोक त्यांच्या अंगचे पाणी आपल्या मुलाला टोचून घ्यायला नकार देत. रोगाला जात नव्हती, लसीला मात्र चिकटवली गेली! पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि ही पद्धत मागे पडली.

ज्यांच्या दंडांवरून लस पुढे गेली, त्यांच्या वस्तीत ती कधी पोचली? वैजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. आमची आजी सांगायची, देवी काढणारा आला की गावात बसायचा. आपल्या वस्तीकडे आला तर आला. आणि आला तरी बाया देवीचा कोप होईल म्हणून पोरं कणगीमागं लपवायच्या. दोष दोन्हीकडे होता, हे कबूल केले पाहिजे.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. १९७८ पासून क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसींचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे पोलिओ आणि गोवर त्यात आले आणि १९८५ पासून तो देशभर पसरत गेला. लस फुकट होती, पण सर्वांना सारखी मिळाली नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व लसी मिळालेली मुले अनुसूचित जातींत सुमारे ४० टक्के, जमातींत ३१ टक्के, तर इतर वर्गात ५४ टक्के होती. न शिकलेल्या आईच्या मुलांत २६ टक्के आणि बारावी झालेल्या आईच्या मुलांत ७५ टक्के! हा आकडा नीट वाचा.

आम्ही मिलमध्ये राबणारी माणसं. दवाखान्यात जायचे तर एक रोज बुडतो; पोराला ताप आला तर दुसराही. पहिले इंजेक्शन होते, पुढची राहतात. शिकलेली आई मात्र कार्ड वाचते, तारीख धरते, ताप का येतो ते जाणते.

२०१९-२१ च्या पाहणीत देशाचा आकडा ७६ टक्क्यांवर गेला आणि जातींमधले अंतरही बरेच घटले. पण आपला महाराष्ट्र १९९८-९९ मध्ये ७८ टक्क्यांवर होता, तो २०१५-१६ मध्ये ५६ वर घसरला आणि नंतर कसाबसा ७३-७४ वर आला. म्हणजे मिळवलेले हातचे जाऊही शकते.

म्हणून बांधवांनो, एवढेच करा. लेकराचे कार्ड जपून ठेवा. नवव्या महिन्याचा गोवराचा डोस आणि दीड वर्षानंतरचे डोस चुकवू नका. शेजारची बाई कामावर गेली असेल तर तिचे मूलही सोबत न्या. आणि मुलीला शिकवा. उद्या तीच तिच्या लेकराचे कार्ड वाचणार आहे.