राजपुरीच्या वाटेवरून दिसणारा जंजिरा

किल्ला म्हटला की आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढे कंधार, औसा नाही तर उदगीर येते. ज्याचा खंदक म्हणजे खुद्द समुद्र, असा किल्ला पाहावयाचा असेल तर कोकणात मुरूडला जावे आणि तेथून राजपुरीपर्यंतचे सुमारे पाच किलोमीटर पायीच चालावे. नारळ-सुपारीच्या वाड्या मागे पडतात, चढ लागतो आणि उजव्या हातास समुद्रात खडकाळ बेट दिसते. खडक कोठे संपला व तट कोठे सुरू झाला, हे लांबून कळत नाही. हाच जंजिरा. अरबी 'जझीरा' म्हणजे बेट. त्याचेच हे मराठी रूप.

येथे सिद्दींनी राज्य केले. हे लोक मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. त्यांतील कित्येक गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनेत आले व कर्तबगारीवर सरदार झाले. खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणारा मलिक अंबर त्यांतलाच. 1636 साली उदगीर मोगलांनी घेतले तेव्हा तेथील किल्लेदारही सिद्दी मिफ्ताह हाच होता. तेव्हा जंजिऱ्याची हकीकत आपल्याला परकी नाही. त्याच वर्षी निजामशाही बुडाली. किनाऱ्यावरचे सिद्दी मात्र आधी विजापूरच्या व मग मोगलांच्या आश्रयाने टिकले. बेटावर गोड्या पाण्याचे तलाव होते, हेही त्याचे एक कारण.

मुरूडसमोर, वायव्येस, दुसरे बेट आहे. तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधलेला. त्याची रसद अडवून ठेवणाऱ्या स्वतःच्याच सुभेदाराला महाराजांनी 1675 साली पत्र लिहून खडसावले होते. पुढे 1682 च्या सुमारास संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून जंजिऱ्यापर्यंत सेतू बांधण्यास घेतला. मोगल चालून आल्याने तो अपुरा राहिला.

या झगड्याला पुष्कळजण धर्मयुद्धाचा रंग देतात. मला ते पटत नाही. महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता, हे मुलांना सांगितले पाहिजे. भांडण खाडीच्या तोंडाचे, बंदरांचे आणि जकातीचे होते. सिद्दींच्या स्वाऱ्यांत किनाऱ्यावरची रयत भरडली गेली, हेही तितकेच मोकळेपणाने सांगावे.

राजपुरीहून थोडे आत खोकरी येथे सिद्दी सुरूरखान, याकूतखान व खैरियतखान यांचे दगडी मकबरे आहेत. संस्थान 1948 साली विलीन झाले. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीकडेच तोंड करून आहे. शिडाची होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही.