कामठी

कामठी : नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे मुख्य ठिकाण, नगरपरिषदेचे शहर व लष्करी छावणी. नागपूरच्या ईशान्येस सुमारे १६ किमी., कन्हान नदीच्या उजव्या काठावर. नगरपरिषद हद्दीतील लोकसंख्या सुमारे ८७ हजार (२०११). पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात तो बीना संगम शहराच्या वरच्या अंगाला आहे. त्यामुळे कामठीपाशी येते ती कन्हान तीन नद्यांचे पाणी घेऊन. पुढे ती आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. विदर्भाला समुद्र नाही. इथली जुनी गावे नदीच्या आधाराने वसली. कामठी मात्र नदीच्या बरोबरीने फौजेच्याही आधाराने वाढली, आणि तिची आजची वस्ती, भाषा आणि बाजार या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय उलगडत नाहीत.

नागपूरहून जबलपूर किंवा रामटेककडे निघालेला प्रवासी कामठीतून जातो, पण कामठीत उतरत नाही. गाडीच्या काचेतून छावणीची झाडे, मग दाट बाजार, मग पूल एवढेच त्याला दिसते, आणि हे नागपूरचेच एक उपनगर असावे असा त्याचा समज होतो. तो समज चुकीचा आहे. नागपूर भोसल्यांची राजधानी होती. कामठी त्या राजधानीवर लक्ष ठेवण्यासाठी उभारलेली छावणी. नोव्हेंबर १८१७ मधल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता नावापुरती उरली, आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी कायमचा लष्करी तळ बसवला. राजधानीपासून एका मजलेवर, पाण्याजवळ आणि जबलपूरच्या वाटेवर अशी ही जागा होती.

हा तळ मद्रास फौजेचा होता, आणि कामठीच्या वस्तीचे निम्मे स्पष्टीकरण त्यात आहे. पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारे शिपाई, त्यांची कुटुंबे, खानसामे, मिस्त्री, दुकानदार आले. मुदलियार आडनावाची घरे कामठीत भेटतात ती याच स्थलांतराच्या ओघातली. जून १८५७ मध्ये नागपुरातील घोडदळाने उठावाची तयारी केली, तेव्हा कामठीतल्या मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि तो उठाव दडपला गेला. मध्य हिंदुस्थानातल्या १८५७ च्या नकाशावर नागपूरची जागा कोरी राहिली, याचे मोठे कारण १६ किमी.वरच्या या छावणीत होते.

फौजेच्या मागे व्यापार आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कामठी ही या भागातली मोठी बाजारपेठ होती. रुंद रस्ते, बागा आणि तलाव असलेले आखीव शहर असे तिचे वर्णन जुन्या इंग्रजी ग्रंथांत येते. पुढे रेल्वे आली. व्यापाराची वाट रेल्वेने बदलली आणि तो नागपूरकडे सरकला. फौजही कमी करण्यात आली. १८८१ मध्ये ५१ हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ३८,८८८ वर आली. रेल्वेमुळे गावे वाढल्याच्या कहाण्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. रेल्वे दारात आली आणि गाव ओसरले, असे घडल्याचे हे उदाहरण म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

व्यापारी गेले तरी कारागीर राहिले. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी कामठीत हातमाग मांडले होते. त्यांच्या साड्यांना विदर्भात मागणी होती. आता हातमाग थोडे उरले आहेत आणि यंत्रमाग अधिक. बुनकर कॉलनीच्या बाजूला गेले की माग दिसण्याआधी ऐकू येतो. खड्डामाग पाहायला मिळाला, तर मात्र तिथे थांबावे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसलेला असतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर. एक पाय दाबला की ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, मधल्या फटीतून धोटा सर्रकन पलीकडे जातो, फणी ठोकली जाते आणि कापड एका धाग्याने पुढे सरकते. साडीभर लांबी याच गतीने गाठायची असते. या विणकर वस्त्यांनीच कामठीला उर्दू दिली. उर्दू शाळा, मुशायरे आणि फुटबॉल ही इथल्या मोमीन वस्त्यांच्या जगण्याची अंगे आहेत, आणि कामठीचा रब्बानी क्लब नागपूरच्या फुटबॉल मैदानांवर जुना आणि मानाचा संघ आहे.

सूफी संत ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचाच. वडील मद्रास फौजेत सुभेदार होते, आणि पुढे नागपूरच्या ताजबागेत ज्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक जातात ते बाबा स्वतःही काही काळ फौजेत होते. १८९२ मध्ये त्यांना वेडसर ठरवून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. भक्त तिथेही दर्शनाला येत राहिले. शेवटी नागपूरच्या भोसले घराण्यातील रघुजीरावांनी त्यांना आपल्याकडे आणले. १९२५ मध्ये बाबा वारले. त्यांचे भाविक कामठीत छावणीतला गोराबाजार आणि त्यांचे गुरू अब्दुल्ला शाह यांचा दर्गा पाहायला येतात.

तथापि आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात कामठीचे सर्वांत मोठे नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचे आहे. बाबू हरदास एल. एन. म्हणून ते ओळखले जातात. जन्म ६ जानेवारी १९०४, कामठी. कामठी-नागपूर परिसरात आणि गोंदियाकडे बिडी वळणाऱ्या मजुरांची संख्या मोठी होती. त्यांची संघटना हरदासांनी बांधली. ७ मे १९३२ रोजी अखिल भारतीय अस्पृश्य परिषदेचे अधिवेशन कामठीत भरले. मद्रासचे मुनिस्वामी पिल्ले अध्यक्ष होते आणि डॉ. आंबेडकर उपस्थित होते. संयुक्त मतदारसंघ मान्य करणाऱ्या राजा-मुंजे कराराला विरोध आणि स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह हा या परिषदेचा गाभा होता. पुणे करार व्हायला तेव्हा साडेचार महिने बाकी होते, आणि त्या वादाची एक मोठी फेरी या छावणीच्या गावात झडली, हे अनेक चरित्रांत एका ओळीत उरकले जाते. १९३७ च्या निवडणुकीत हरदास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३५. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आज देशभर कोट्यवधींच्या तोंडी असलेला हा शब्द कामठीच्या एका तरुण कार्यकर्त्याने लोकांच्या ओठी बसवला, ही गोष्ट शहरात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. त्यांची समाधी कन्हानच्या काठी आहे.

बाहेरगावचे बहुतेक लोक मात्र कामठीत येतात ते ड्रॅगन पॅलेस पाहायला. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या सहकार्याने आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे बुद्धविहार १९९९ मध्ये खुले झाले. आतील बुद्धमूर्ती चंदनाच्या लाकडाची आहे. सभागृहात बोलायचे नाही, एवढे एक बंधन. ते पाळणे जड जात नाही, कारण इतके लोक एकत्र असूनही तिथे सगळे आपोआप हळू चालू लागतात. याच परिसरातील विपश्यना केंद्राचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी २२ सप्टेंबर २०१७ रोजी केले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर आलेले हजारो लोक तिथून कामठीला येतात. निवांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस सोडून यावे; माणसे पाहायची असतील तर त्याच दिवसांत यावे.

छावणी आजही जागती आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र, राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण प्रबोधिनी आणि सैनिकी कायद्याची संस्था येथे आहे. महाविद्यालयांतले छात्रसेनेचे शिक्षक-अधिकारी देशभरातून कामठीला प्रशिक्षणासाठी येतात. छावणीतले रस्ते सावलीचे आणि चालायला सुखाचे आहेत, पण लष्करी इमारतींची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि मनाईची पाटी लावलेल्या वाटेने आत शिरू नये.

पोहोचण्याच्या वाटा सोप्या आहेत. नागपूर मेट्रोची नारिंगी मार्गिका खापरीहून विमानतळ, सीताबर्डीमार्गे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत येते. तिथून पुढे शहर बस किंवा प्रतिसीट भाडे घेणारे ऑटो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात हीच मार्गिका कन्हान नदीपर्यंत सुमारे १३ किमी. वाढवायची आहे, छावणी, नगरपरिषद, ड्रॅगन पॅलेस अशी स्थानके त्यात ठरली आहेत. खासगी वाहनाने येणाऱ्यांना कामठी रस्त्यावरील ५.६ किमी.चा दुमजली उड्डाणपूल (ऑक्टोबर २०२४) उपयोगी पडतो. गड्डीगोदामजवळ या पुलाच्या खाली रेल्वे, तिच्याखाली रस्ता आणि सर्वांत वर मेट्रो, अशी चार थरांची वाहतूक आहे. रेल्वेने यायचे तर कामठी हे मुंबई-हावडा मार्गावरील स्थानक आहे; इतवारी-रामटेक पॅसेंजर इथे थांबते.

शहरात फिरायला वाहन नको. भाजीमंडी, गोयल टॉकीज चौक, मोदी पडाव, खलासी लाइन हा पट्टा पायीच पाहण्याचा आहे. पडाव, लाइन, गोराबाजार या नावांतून छावणीचा जुना आराखडा अजून वाचता येतो. बाजारात हिंदी चालते, घरांत उर्दू, नागपुरी वळणाची मराठी, कुठे तेलुगू. पत्ता विचारताना गल्लीपेक्षा चौक सांगावा. नदीकडे जायचे ते सकाळी. तिचे पाणी नागपूरच्याही नळांना जाते, आणि पावसाळ्यात ती पात्रभर फुगते तेव्हा काठाला उतरू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

तालुक्यातच कोराडीचे महालक्ष्मी जगदंबा देवस्थान आणि औष्णिक वीज केंद्र आहे. नवरात्रात तिकडचे रस्ते भरलेले असतात. नदीपलीकडे कोळशाच्या खाणी सुरू होतात. गोंडवन खडकांतील एका वालुकाश्माच्या थराला भूवैज्ञानिकांनी कामठीचेच नाव दिले आहे, आणि ते नाव विदर्भाबाहेरच्या खडकांनाही लावले जाते. रामटेक आणि मनसर पाहायचे असल्यास कामठीहून पूल ओलांडून जुन्या जबलपूर रस्त्याने जावे, किंवा रामटेकची पॅसेंजर पकडावी.